नोंदवहीचे महात्म्य : केरूनाना छत्रे

गणेश चतुर्थी कोणत्या दिवशी, हे आपण बेळगाव-निपाणीकडची मंडळी पंचांग उघडून पाहतो. पंचांगाचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळलेच पाहिजे, असा आग्रह धरणारे केरो लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे हे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू.

अलिबागजवळचे नागाव हे त्यांचे जन्मगाव. विशी गाठण्याआधीच ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागले. तेथे १८४१ पासून हवामानाबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचेही वेध घेतले जात. टांगलेला लोहचुंबक दिवसभरात किंचित हलतो. ते हलणे ठरल्या वेळी डोळ्यांनी वाचायचे आणि वहीत उतरवायचे, असे ते काम. पुढे केरूनाना पुण्यात प्राध्यापक झाले. १८६० साली त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली. १८८४ साली ते निवर्तले.

कुलाब्याच्या नोंदी मात्र चालूच राहिल्या. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची तिथली नोंद शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. अशाच नोंदींवरून पृथ्वीच्या पोटात खोलवर वीज कितपत वाहते, याचाही अंदाज बांधता येतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवले, केरूनानांच्या गावाशेजारीच!

आम्ही सरकारी नोकर रोज रकाने भरतो. ते पुढे कोण वाचील, हे आम्हाला ठाऊक नसते. म्हणूनच प्रत्येक आकडा खरा लिहावा, एवढे आम्ही केरूनानांकडून शिकावे.