गाळातील वायूचा शोधकर्ता

ठाकुर्लीच्या वीजगृहाने एकेकाळी रेल्वेला वीज पुरवली. विजेचा दाब ज्यांच्या नावाने मोजला जातो, त्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनीच मिथेनचाही शोध लावला, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. इटलीतील कोमो येथे १७४५ मध्ये त्यांचा जन्म झाला. नोव्हेंबर १७७६ मध्ये मॅजोरे सरोवराकाठी त्यांनी काठीने गाळ ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत साठवले. तो वायू ज्वलनशील निघाला. १८०० मध्ये जाहीर झालेल्या विद्युतघटाच्या कीर्तीत हा शोध झाकोळला. १८२७ मध्ये त्यांचे निधन झाले. ठाकुर्लीलगतच्या खाडीसारख्या प्राणवायूविरहित गाळातही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. तापमानवाढीस हातभार लावणाऱ्या या वायूची गळती आज जगभर मोजली जाते. त्या अभ्यासाची पायाभरणी व्होल्टांनी केली.