छोट्या रुळांचा मोठा अभियंता : एव्हरार्ड कॅलथ्रॉप

तिरोड्याच्या पुढे गोंदिया जंक्शनवर उतरायचे आणि बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी छोटी गाडी धरायची, हा पूर्व विदर्भातील प्रवाशांच्या अनेक पिढ्यांचा परिपाठ होता. अडीच फूट रुंदीचा तो लोहमार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. छोट्या गाड्यांची वाफेची इंजिने पाहायची, तर नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय गाठावे लागते. २००२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात डागडुजी करून, रंग देऊन मांडलेल्या इंजिनांसमोर उभे राहिले, की लक्ष जाते ते धुराड्याकडे. छोट्या रेल्वेचे खरे शास्त्र मात्र चाकांपाशी असते. हे शास्त्र महाराष्ट्राच्याच भूमीवर सिद्ध करून दाखविणारा अभियंता म्हणजे एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या इंजिनांच्या कारखान्यात आणि नंतर क्रू येथील रेल्वे कार्यशाळेत त्यांनी उमेदवारी केली. १८८२ मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले.

मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग तेव्हा बार्शीला बगल देऊन गेला होता. बार्शी ही कापूस आणि धान्याची मोठी पेठ. पण माल बैलगाडीने स्टेशनापर्यंत न्यावा लागे. शिवाय पंढरपूरकडे जाणारा वारकऱ्यांचा ओघ होताच. एवढ्या टापूसाठी रुंद मार्ग बांधणे परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी मार्गाची योजना मांडली. त्यासाठी नोकरीवर पाणी सोडले, मायदेशी जाऊन सल्लागार अभियंत्याचा व्यवसाय थाटला. पण योजनेचा पिच्छा सोडला नाही. अखेर १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली.

त्यांचा सिद्धान्त सोपा होता. रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर नव्हे, तर एकेका आसावर येणाऱ्या भारावर ठरते. म्हणून इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, असा दंडक त्यांनी घातला. लीड्सच्या किट्सन कारखान्यात बांधलेल्या बार्शीच्या पहिल्या इंजिनांचे वजन सहा आसांवर वाटलेले होते. त्यामुळे वारभर लांबीला अवघे तीस पौंड वजन भरणारा हलका रूळही पुरेसा ठरला. रूळ हलका, म्हणून खर्च कमी. आणि खर्च कमी, म्हणूनच आडबाजूच्या गावाला रेल्वे.

ही सामग्री हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी त्यांनी लीड्सजवळ न्यूले येथे खास मार्ग अंथरून तिच्या चाचण्या घेतल्या. चढ आणि तीव्र वळणांवर छोटी गाडी कशी चालते, याचे प्रात्यक्षिकच तेथे घडविण्यात आले. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा सुमारे ३५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये तो पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. दुष्काळी पट्ट्याला बाजारपेठ मिळाली आणि वारकऱ्याला पंढरीचे स्टेशन.

उत्तरायुष्यात कॅलथ्रॉप यांना वेगळ्याच ध्यासाने पछाडले. त्यांचे मित्र आणि रोल्स-रॉइसचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात मरण पावले. त्यानंतर कॅलथ्रॉप यांनी वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी घेऊन तिची उपयुक्तता दाखविण्यात आली. तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या विमानांत ती बसविली गेली नाही. शत्रूच्या मुलुखात हेर उतरविण्यासाठी तिचा वापर झाला. जळत्या विमानातील तरुण मात्र तिच्यावाचून मृत्युमुखी पडत राहिले. बार्शीसाठी दाखविलेली चिकाटी त्यांनी येथेही दाखविली. पण या वेळी यशाने वेळेवर साथ दिली नाही. ३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेच्या एका इंजिनाला कॅलथ्रॉप यांचे नाव देण्यात आले होते. १९३४ मध्ये तो मार्ग बंद पडला आणि पुढे ते इंजिनही भंगारात गेले. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज ही गावे मात्र रेल्वेच्या नकाशावर कायम राहिली. कॅलथ्रॉप यांचे खरे स्मारक तेच होय. संग्रहालयातील एखाद्या नटविलेल्या जुन्या इंजिनाजवळ गेल्यावर धुराडे पाहून झाले, की क्षणभर खाली वाकून त्याचे आस मोजावेत. गरिबाच्या गावाला रेल्वे परवडावी म्हणून मांडलेले गणित तेथे दिसते.