पाच वर्षं डच शिकला, एका दिवसात सगळं फुकट गेलं. मग या माणसाने जपानला नवे शब्द दिले

जपानमधल्या एखाद्या हॉटेलात ‘बीरू’ मागितली की समोर बिअर येते. ‘कोही’ म्हणजे कॉफी, ‘गारासू’ म्हणजे काच. आपल्याला वाटतं, जपान्यांनी इंग्रजी शब्दच वळवून घेतले असतील. पण हे तिन्ही शब्द आले डच भाषेतून. ब्रेडला ते ‘पान’ म्हणतात. तो शब्द त्याहून जुना, पोर्तुगीजांकडून आलेला. म्हणजे आपल्या ‘पाव’चा सख्खा भाऊच.

मग जपानमध्ये डच मागे पडून इंग्रजी कशी आली? ते समजून घ्यायचं तर युकिची फुकुझावा यांचं आयुष्य बघावं लागतं.

फुकुझावांचा जन्म १८३५ सालचा, ओसाकाचा. वडील खालच्या दर्जाचे सामुराई. ते लवकर वारले. त्या काळी जो बापाचा दर्जा, तोच मुलाचा. कितीही हुशार असलं तरी वर जायची सोय नव्हती. फुकुझावांच्या मनात या व्यवस्थेबद्दलचा राग कायम राहिला.

बाहेर पडायचा एक रस्ता होता, तो म्हणजे डच भाषा. जपानने दोनशेहून जास्त वर्षं युरोपीय लोकांना दारं बंद केली होती. अपवाद फक्त डच व्यापाऱ्यांचा, तोही नागासाकीतल्या देजिमा या छोट्याशा बेटापुरता. त्यामुळे पाश्चात्त्य विज्ञान शिकायचं तर डच यायलाच हवी.

१८५४ मध्ये फुकुझावा नागासाकीला गेले. पुढच्या वर्षी ओसाकाला ओगाता कोआन यांच्या शाळेत दाखल झाले. तिथे मोठ्या डच शब्दकोशाची एकच हस्तलिखित प्रत होती. परीक्षा जवळ आली की त्या एका प्रतीभोवती रात्रभर पोरांची गर्दी असायची. १८५८ मध्ये तर फुकुझावा एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, डच शिकवायला लागले.

आणि १८५९ उजाडलं. योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांसाठी खुलं झालं. आपली डच वापरून बघावी म्हणून फुकुझावा पायी तिथे गेले. पण दुकानांच्या पाट्या वाचता येईनात. बाटल्यांवरची लेबलं कळेनात. कारण तिथे चलती होती इंग्रजीची.

पाच वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती. पण हताश होऊन बसण्यापेक्षा त्यांनी दुसऱ्याच दिवशी इंग्रजी शिकायचं ठरवलं. धड शिक्षक मिळेना, तेव्हा डच-इंग्रजी शब्दकोश घेऊन बसले. मग लक्षात आलं की दोन्ही भाषा जवळच्या आहेत. डच वाया गेलीच नव्हती.

१८६० मध्ये ‘कानरिन मारू’ जहाजातून ते अमेरिकेला गेले. येताना वेबस्टरचा शब्दकोश आणला. सोबत एक चिनी-इंग्रजी शब्दसंग्रहही आणला आणि त्यात जपानी उच्चार घालून त्याच वर्षी छापला. त्यात ‘करी’ हा शब्दही होता, ‘कोरुरी’ असा लिहिलेला!

पण अडचण होती इंग्रजी ‘व्ही’ची. हा आवाजच जपानीत नाही. जपानी लिपीत ‘क’ला दोन छोट्या रेघा दिल्या की ‘ग’ होतो. फुकुझावांनी त्याच रेघा ‘उ’ला दिल्या आणि ‘व्ही’साठी नवं अक्षर तयार झालं.

प्रत्येक शब्द मात्र त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. इंग्रजी ‘स्पीच’साठी त्यांनी ‘एन्झेत्सु’ हा शब्द रूढ केला. अर्थशास्त्रातल्या ‘कॉम्पिटिशन’साठी ‘क्योसो’ वापरला. त्यात ‘भांडण’ या अर्थाचं अक्षर होतं. सरकारी अधिकाऱ्याला ते खटकलं. फुकुझावांनी शब्द काही बदलला नाही, त्यावर काळी शाई फिरवून कागद पुढे दिला. कारण जन्माने दर्जा ठरवणाऱ्या समाजात स्पर्धा ही कल्पनाच नवी होती, नुसता शब्द नाही.

१९०१ मध्ये फुकुझावा गेले. त्यांनी उभी केलेली शाळा आज केयो विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. १९८४ पासून २०२४ पर्यंत जारी होत असलेल्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा होता.

त्यांचं ‘व्ही’चं अक्षर मात्र मागे पडतंय. २०१९ मध्ये जपान सरकारने देशांच्या अधिकृत नावांतून ते काढून टाकलं. बोलताना लोक आजही व्हायोलिनला ‘बायोरिन’च म्हणतात. पण ‘एन्झेत्सु’ आणि ‘क्योसो’ टिकले. ज्या शब्दाला अधिकाऱ्याने नाक मुरडलं होतं, तो आज जपानमधलं शाळकरी पोरही सहज वापरतं.