येवल्याचे तात्या टोपे

गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. झाशीची राणी दोन मुलींनी आधीच घेतली होती. मी तात्या टोपे घेतले, कारण ते आमच्या येवल्याचे. तिथे आम्ही बाजाराला जातो.

त्यांचे खरे नाव रामचंद्र, वडिलांचे नाव पांडुरंग. जन्म १८१४ च्या सुमारास झाला. १८१८ साली इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावांचे राज्य घेतले आणि त्यांना लांब गंगेकाठी ब्रह्मावर्ताला ठेवले. पांडुरंगराव घरच्यांना घेऊन त्यांच्याबरोबर गेले. तिथे तात्या नानासाहेब पेशव्यांच्या जवळचे झाले.

१८५७ साली युद्ध पेटले. तात्या कानपूरला लढले, जिंकले आणि मग हरलेसुद्धा. तिथून ते यमुनेकाठी काल्पीला आले. पुढच्या मोठ्या लढाया बुंदेलखंडात झाल्या.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला. राणीने तात्यांना मदतीला बोलावले. तात्या सुमारे वीस हजार माणसे घेऊन निघाले. ३१ मार्चला त्यांनी मोठा जाळ पेटवून आपण आल्याची खूण केली. झाशीतल्या लोकांना केवढा आनंद झाला! तोफा उडवल्या त्यांनी. १ एप्रिलला बेतवा नदीजवळ लढाई झाली. रोजने वेढा न उठवता फक्त दीड हजार माणसे आणली, तरी तात्यांची पुढची फळी मोडली. मग तात्यांच्या लोकांनी जंगलाला आग लावली आणि नदीपलीकडे माघार घेतली. इंग्रजांचे घोडेस्वार त्या आगीतून मागे धावले. राणी तटावरून धूर बघत असेल, असे मला वाटते.

हे मी वर्गात वाचले, तेव्हा एक मुलगा हसला. म्हणाला, वीस हजार असून हरले, कसला तुझा थोर पुरुष! मला रडूच आलं. घरी आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, अजून पुढे वाच की. मग मी वाचलं.

७ मे रोजी कूंच येथे तात्या पुन्हा हरले. त्या दिवशी ऊन इतके होते की रोजलाही ऊन लागले. काल्पीही पडली. पण तोवर तात्या गुपचूप ग्वाल्हेरला जाऊन शिंद्यांच्या सैन्याशी बोलून आले होते. १ जूनला ते सैन्य फुटून यांना मिळाले आणि ग्वाल्हेरचा किल्ला यांच्या हाती आला! सगळे हरल्यावर एवढा किल्ला! हे मी त्या मुलाला सांगितले. तो काही बोलला नाही.

पुढे त्याच महिन्यात राणी लढताना मरण पावली, ग्वाल्हेरही गेले. तात्या मात्र रानावनातून लढत राहिले. ऑक्टोबरअखेर नर्मदा ओलांडून ते मुलताईपर्यंत आले. मी वर्गातल्या नकाशावर बोट ठेवून बघितले. तिथून येवला जवळच दिसतो. पण खाली यायला वाट मिळाली नाही, ते परत फिरले.

एप्रिल १८५९ मध्ये मानसिंगाने दगा दिला. तात्या झोपले असताना पकडले गेले. त्यांनी सांगितले की मी माझ्या धन्याचा हुकूम पाळला. १८ एप्रिलला शिवपुरीला त्यांना फाशी दिले.

नकाशावर बेतवा नदीला मी पेन्सिलीने गोल केला होता. गुरुजी रागावले, पण खोडायला नाही सांगितले. पालकांनी आल्यावर बघावा, दाराजवळच आहे.

— इयत्ता ४ थी