माळरानावरचा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यवाह भगिनींनी सुचविले, तेव्हा मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निवडले. कारखानदाराच्या चरित्रातून बायकांनी काय घ्यायचे, अशी शंका कुणाला येईल. परंतु जे इतरांनी टाकाऊ ठरविले त्याला कामाला कसे लावावे, हे संसार करणाऱ्या स्त्रीला जितके समजते तितके क्वचितच कुणाला समजत असेल. आणि लक्ष्मणरावांच्या आयुष्याचे सारही तेच आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावकडील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेतील पाठांतरात मन रमेना. चित्रकलेची मात्र मोठी आवड. म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले, की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील फरक ओळखू येत नाही. चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावी परतले. वडीलबंधू रामूअण्णांसह चालविलेले सायकलींचे लहानसे दुकान हाच काय तो आधार होता.

तेथे त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन नुसती वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथतो आणि हरळीसारख्या तणाची मुळे वर काढतो. पण लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. न खपलेला माल डोळ्यांपुढे आणि कर्ज डोक्यावर, अशा स्थितीत एखाद्याने धंदाच बदलला असता. लक्ष्मणरावांनी नांगर सुधारला आणि तो शेतकऱ्याच्या गळी उतरविला.

एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची सुमारे ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग यांचे राज्य! सन १९१० मध्ये सुमारे २५ कामगारांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. त्या बायकांनी पहिली चूल कशी पेटविली असेल, पाणी कोठून आणले असेल, हे माझ्या मनात नेहमी येते. कारखान्याच्या इतिहासात यंत्रांची नोंद होते; अशा चुलींची होत नाही.

त्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. देशातील पहिल्या काही औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते. तेथे अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांनी दंडक घातला. तो काळ ध्यानी घेतला, म्हणजे या दंडकाला किती छाती लागली असेल हे कळते. शंभूराव जांभेकरांसारखे त्यांचे सहकारी शाळेच्या दृष्टीने अशिक्षितच, पण यंत्राच्या कामात पटाईत. आणि पहारेकरी कोण? दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगून आलेली माणसे! ज्यांच्या भीतीने लोक दारे लावीत, त्यांच्याच हाती त्यांनी वसाहतीची राखण दिली आणि ती माणसे विश्वासाला उतरली.

ही निव्वळ दानशूरता नव्हती, हे विसरता कामा नये. नांगर चांगला निघाला नसता, तर वसाहतही टिकली नसती. पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाणी उपसण्याचे पंप असा माल तेथे निघू लागला. ज्याने शेतकऱ्याच्या मातीचे आणि पाण्याचे हित होईल तेच विकायचे, अशी ती दृष्टी होती. जमिनीचा कस व पाण्याचा साठा यांची चिंता आज आपण करतो, तेव्हा ही दृष्टी अधिकच मोलाची वाटते.

त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक. नांगराच्या गावाहून निघालेल्या त्या मासिकाने कितीतरी मराठी घरांतील स्त्रियांना विचार करायला आणि लिहायला लावले. लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले.

आपले मंडळ आता पापड-मसाल्यांचे काम सुरू करीत आहे. कुणाला घ्यावे आणि कुणाला घेऊ नये, यावर आपल्यात बराच खल झाला आहे. घरच्यांनी टाकलेल्या, किंवा शिक्षा भोगून आलेल्या स्त्रीला घेतले तर मंडळाला नाव ठेवतील, अशी काही भगिनींची धास्ती आहे. माझे मत मी येथेच नोंदविते. पहिल्या दहा जागांपैकी दोन अशा स्त्रियांसाठी राखून ठेवाव्या. माल मात्र त्यांच्याकडूनही चोखच मागावा. आणि कोठीची किल्ली त्या दोघींपैकी एकीच्या हाती द्यावी.