बारावीतले किरचॉफ आणि स्विचमधलं झाड

सायन्सला असाल तर बारावीत किरचॉफचे दोन नियम केलेच असतील. पण त्यांचं आणखी एक काम कॉलेजच्या वायफायमागे दडलेलं आहे. आज मी त्यांची तीच गोष्ट सांगणार आहे.

गुस्ताव किरचॉफ यांचा जन्म 12 मार्च 1824 रोजी प्रशियातल्या कोनिग्सबर्गमध्ये झाला. इथल्याच सात पुलांचं कोडं ऑयलरने सोडवलं होतं. 1845 मध्ये, विद्यार्थी असतानाच, किरचॉफ यांनी विद्युत मंडलाचे ते दोन नियम मांडले.

पुढचा प्रश्न अवघड होता. तारांचं जाळं गुंतागुंतीचं असेल तर त्यात स्वतंत्र लूप किती? 1847 मध्ये त्यांनी उत्तर दिलं: तारांच्या संख्येतून जोडांची संख्या वजा करा आणि 1 मिळवा. तेवढ्या तारा नीट निवडून काढल्या तर एकही लूप उरत नाही, तरी सगळे जोड एकमेकांना जोडलेलेच राहतात. या उरलेल्या सांगाड्याला आज आपण स्पॅनिंग ट्री म्हणतो.

पुढे हायडेलबर्गला बुनसेन यांच्यासोबत त्यांनी प्रकाशाच्या वर्णपटावरून सीझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्यं शोधली. मग अपघातात पाय जायबंदी झाला, कुबड्या आणि चाकांची खुर्ची आली. 1869 मध्ये पत्नी क्लारा गेल्या, मुलांची जबाबदारी एकट्यावर पडली. प्रयोग करणं जड जाऊ लागलं, तेव्हा 1875 मध्ये ते बर्लिनला सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकवायला गेले. 17 ऑक्टोबर 1887 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

आता नेटवर्ककडे येऊ. समजा कॉलेजात 4 स्विच आहेत आणि प्रत्येक स्विच बाकीच्या तिन्हींना जोडलाय, म्हणजे एकूण 6 केबल. एक तुटली तर दुसरी असावी, म्हणून जास्तीच्या केबल टाकतात. पण गोची इथेच आहे. ब्रॉडकास्ट फ्रेम आली की स्विच ती बाकी सगळ्या पोर्टवर पाठवतो, आणि इथरनेट फ्रेमला एक्सपायरी नसते. लूपमध्ये ती फिरतच राहते, कॉपी वाढत जातात आणि बघता बघता अख्खं नेटवर्क ठप्प!

किरचॉफचा हिशोब लावा: 6 − 4 + 1 = 3. म्हणजे 3 केबल गप्प बसवायच्या. पण कोणत्या? त्यांच्याच पद्धतीने मोजलं तर इथे 16 वेगवेगळे ट्री निघतात. सगळ्या स्विचचं एकाच ट्रीवर एकमत व्हायला हवं. 1985 मध्ये रेडिया पर्लमन यांनी तो मार्ग दिला. सगळ्यात लहान आयडीचा स्विच रूट होतो, बाकीचे त्याच्यापर्यंतचा सगळ्यात स्वस्त रस्ता ठेवतात आणि लूप करणारे पोर्ट ब्लॉक होतात. चालू केबल तुटली की ब्लॉक केलेली कामाला लागते. हाच स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल.

म्हणून मला वाटतं, ब्लॉक केलेली केबल वाया गेलेली नसते, ती राखीव खेळाडूसारखी असते. आणि एक लक्षात ठेवा: घरगुती वापराच्या बऱ्याच साध्या स्विचमध्ये हा प्रोटोकॉल नसतो. त्यामुळे एकाच केबलची दोन्ही टोकं त्यात चुकूनही खोचू नका.