अमृता शेरगिलच्या तीन मुली

अमृता शेरगिलचे नाव निघाले की तिच्या रूपाच्या, स्वच्छंदीपणाच्या आणि अकाली मृत्यूच्याच कथा रंगतात. तिचा कुंचला मात्र बाजूला राहतो.

तिचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टला झाला. वडील उमरावसिंग शीख सरदार घराण्यातले, संस्कृतचे व्यासंगी. आई हंगेरियन गायिका. १९२१ मध्ये कुटुंब सिमल्याला आले. १९२९ साली अमृता पॅरिसला गेली आणि ल्यूसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली शिकली. तिच्या 'तरुणी' या चित्राला १९३३ मध्ये तिथल्या सलोंमध्ये सुवर्णपदक मिळाले. त्या वेळी ती अवघी वीस वर्षांची होती! त्या चित्रात छायाप्रकाशाने घडवलेली अंगकांती आहे, घोटून आलेली सफाई आहे. हीच वाट धरली असती तरी तिला यश होतेच.

१९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली आणि पुढच्याच वर्षी तिने 'तीन मुली' रंगवले. तीन मुली एकमेकींना लागून बसल्या आहेत, पण एकीचीही नजर दुसरीकडे नाही, आपल्याकडेही नाही. मागे ना खोली, ना खिडकी, नुसता रंग. ओढण्यांच्या चुण्या मोजत न बसता कुंचल्याने लाल-हिरव्याचे रुंद, सपाट पट्टे ओढले आहेत. दागिन्यांचा, भरतकामाचा मोह कुठेच नाही. म्हणूनच डोळा कपड्यांवर न रेंगाळता खाली झुकलेल्या पापण्यांवर येऊन थांबतो. लग्न ठरायची वाट पाहणाऱ्या मुली असाव्यात, असे मला वाटते. चित्र मात्र काहीच सांगत नाही. पॅरिसची सफाई तिने जाणूनबुजून टाकली, म्हणून ही उदासी रडवेली झाली नाही.

या सपाटपणाचे श्रेय सर्रास अजिंठ्याला दिले जाते. ते पटत नाही. अजिंठा तिने पाहिला तो हे चित्र झाल्यानंतर; गोगँची चित्रे मात्र पॅरिसमध्येच तिच्या मनात घर करून होती. अजिंठ्याचे ऋण १९३७ च्या 'ब्रह्मचारी' आणि 'वधूचा शृंगार' या चित्रांत शोधावे. त्याच वर्षी 'तीन मुली'ला बॉम्बे आर्ट सोसायटीने सुवर्णपदक दिले. कौतुक झाले, पण चित्रे फारशी विकली जात नव्हती.

१९३८ साली तिने डॉ. व्हिक्टर एगन यांच्याशी विवाह केला. काही काळ गोरखपूरजवळच्या सराया येथे काढून दोघे १९४१ मध्ये लाहोरला गेली. तिथे प्रदर्शनाची तयारी चालू असतानाच ५ डिसेंबरला, अठ्ठाविसाव्या वर्षी, ती गेली. घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या काळ्या म्हशींचे चित्र अपुरेच राहिले.